स्वनिर्मित दूरनियंत्रित विमान-प्रतिकृतीचा पुच्छभाग : रचना व बांधणी

प्रस्तावना :
विमानाचा विचार करताना आपले लक्ष पंख व इंजिन यांकडे जाते. पुच्छभाग मात्र दुर्लक्षित राहतो. वस्तुतः विमानाचे स्थैर्य प्रामुख्याने त्यावरच अवलंबून असते. १८७१ मध्ये आल्फाँस पेनो या फ्रेंच तरुणाने पॅरिस येथे रबराच्या पिळावर चालणारी प्रतिकृती ११ सेकंदांत सुमारे ४० मीटर उडवून दाखविली. तिच्या स्थैर्याचे मर्म मागील लहान आडव्या पृष्ठात होते. महाराष्ट्रातही घरगुती विमानबांधणी अपरिचित नाही. अमोल यादव यांनी मुंबईत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची २०१७ मध्ये अधिकृत नोंदणी झाली. पेण-रोहा परिसरातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून सुचविता येईल अशा लहान प्रतिकृतीच्या पुच्छभागाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्यतत्त्व :
वाऱ्याच्या झोताने विमानाचे नाक वर गेले की आडव्या शेपटाचा वाऱ्याशी होणारा कोन वाढतो, त्यावर ऊर्ध्व बल निर्माण होते आणि नाक पुन्हा खाली येते. उभे शेपूट हेच कार्य डाव्या-उजव्या दिशेने करते. हे तरफेचे तत्त्व असल्याने शेपटाचे क्षेत्रफळ आणि पंखापासूनचे अंतर यांचा गुणाकार महत्त्वाचा ठरतो.

आकारनिश्चिती :
पंखविस्तार १२० सेंमी व पंखाची रुंदी २० सेंमी मानल्यास पंखाचे क्षेत्रफळ २४०० चौ. सेंमी होते. शेपूट ६० सेंमी मागे असल्यास आणि शिकाऊ प्रतिकृतीसाठी स्थैर्यगुणांक ०.५ घेतल्यास आडव्या शेपटाचे क्षेत्रफळ ०.५ × २४०० × २० ÷ ६० = ४०० चौ. सेंमी, म्हणजे ४० × १० सेंमी येते. उभ्या शेपटाचा गुणांक पंखविस्तारावरून काढतात. तो ०.०४ घेतल्यास क्षेत्रफळ १९२ चौ. सेंमी येते.

वजनाचा प्रश्न :
येथेच बहुतेक प्रकल्प फसतात. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून ५ सेंमीवर ठेवावा. शेपूट त्याच्या ६० सेंमी मागे आणि नाकातील बॅटरी २० सेंमी पुढे असल्यास शेपटातील प्रत्येक जादा ग्रॅममागे नाकात ३ ग्रॅम वाढवावे लागतात. ३ मिमी जाडीच्या बाल्सा फळीचे आडवे शेपूट सुमारे १८ ग्रॅम, तर ५ मिमीचे सुमारे ३० ग्रॅम भरते. या १२ ग्रॅमची भरपाई ३६ ग्रॅमने करावी लागते. शेपूट जड ठेवून उडविलेले विमान नाक उचलून वेग गमावते व कोसळते. त्यात केवळ श्रमच वाया जातात असे नाही, तर जवळ उभ्या असलेल्यांनाही फिरत्या पंख्यापासून इजा संभवते.

बांधणी :
प्रथम पुठ्ठ्याचा साचा करून त्यावरून फळी कापावी. लाकडाचे तंतू शेपटाच्या लांबीच्या दिशेने असावेत. मागील ३ सेंमी पट्टी वेगळी करून ती एलिव्हेटर म्हणून बिजागरीने जोडावी. ती सहज हलावी, परंतु ढिली नसावी. सर्व्हो मोटर शेपटात न बसविता पंखाजवळ बसवून सळईने जोडल्यास वजन वाचते. चिकटविण्यापूर्वी दोन्ही पंखटोकांपासून शेपटाच्या त्या त्या बाजूच्या टोकापर्यंतची अंतरे समान आहेत काय, हे दोऱ्याने पाहावे. उभे शेपूट काटकोनात असावे. एलिव्हेटरची हालचाल वर-खाली प्रत्येकी सुमारे ८ मिमी पुरेशी होते. काडी मागे ओढली असता एलिव्हेटर वर गेलाच पाहिजे.

स्थानिक परिस्थिती :
कोकणातील पावसाळी दमट हवेत बाल्सा वाकतो. म्हणून फळ्या सपाट दाबून ठेवाव्यात व तयार भागांना पातळ लेप द्यावा. पेणच्या गणपती कारखान्यांतील कारागिरांना वाळविण्याचे व घासण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. हाच संयम येथे हवा. भातकापणीनंतरची मोकळी शेते उड्डाणास सोयीची असतात. मात्र दुपारी खारे वारे जोर धरतात. म्हणून पहिले उड्डाण सकाळीच करावे. तत्पूर्वी शेतमालकाची संमती घ्यावी व हवाईक्षेत्राचा शासकीय नकाशा पाहावा.

निष्कर्ष :
पुच्छभागाच्या बांधणीत गणित, भौतिकशास्त्र व हस्तकौशल्य एकत्र येतात. समीकरणातील चूक येथे उत्तरपत्रिकेत नव्हे, शेतात दिसते. म्हणूनच अल्प खर्चाचा हा प्रकल्प पदवी स्तरावरील अध्यापनास उपयुक्त ठरू शकतो.