जामीन, मध्यस्थी आणि लग्नाची याद

सून माहेरीं निघून गेली आणि पाठोपाठ पोलिसांची नोटीस दारीं आली, म्हणजे घरांतील वडीलधारी मंडळी प्रथम एकच प्रश्न विचारतात : जामीन मिळेल ना ? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु त्याच वेळीं व्याह्यांच्या घरीं निराळाच प्रश्न चाललेला असतो : मुलीचे दागिने परत कसे मिळवावेत ? हे दोन प्रश्न एकाच न्यायालयांत एकमेकांस भिडतात, आणि सारा घोटाळा तेथें होतो.

पति वा सासरची मंडळी यांनीं केलेला छळ हा १९८३ सालीं भारतीय दंडसंहितेच्या ४९८-अ कलमानें स्वतंत्र गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व दंड. गुन्हा अजामीनपात्र आहे, याचा अर्थ जामीन मिळतच नाहीं असा नव्हे; तो हक्क म्हणून मागतां येत नाहीं, इतकाच. अटकेपूर्वींच सत्र किंवा उच्च न्यायालयाकडे अर्ज करतां येतो. शिवाय २०१४ सालीं अर्नेशकुमार खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें बजावलें कीं, केवळ फिर्याद आली म्हणून पोलिसांनीं सरसकट अटक करूं नये.

त्याच न्यायालयानें २०१३ सालीं असेंही सांगितलें होतें कीं, तडजोडीचा संभव दिसल्यास व उभयतांची इच्छा असल्यास अशीं प्रकरणें मध्यस्थीकडे पाठवावींत. मात्र कलमाची धार बोथट होऊं देऊं नये. म्हणून जामिनाच्या अर्जावर तात्पुरतें संरक्षण देऊन दोन्ही पक्षांस मध्यस्थाकडे धाडतात. हेतु उत्तम, परंतु संरक्षण तात्पुरतें असेतों वरपक्ष अत्यंत सौम्य असतो, आणि तें कायम झालें कीं पुढच्या तारखेस कोणी फिरकत नाहीं. उलट बाजूस, अमुक लाख प्रथम ठेवा, मग जामिनास हरकत घेणार नाहीं, अशी भाषा होते. आमच्या मतें दोन्ही गैर. जामीन हा निर्दोषपणाचा दाखला नव्हे, आणि वसुलीचें साधनही नव्हे. तसेंच मध्यस्थ म्हणजे जुने पंच नव्हेत. पंच निवाडा देत, आणि बहुधा मुलीसच 'जुळवून घे' म्हणत. मध्यस्थास निवाड्याचा अधिकार नाहीं; जिला मारहाण झाली तिनें समोर बसण्यास नकार दिला, तर तो विषय तेथेंच संपला पाहिजे. शिवाय तडजोड झाली तरी फौजदारी खटला आपोआप मिटत नाहीं. तो रद्द करून घेण्यास सामान्यतः उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते.

दागिन्यांचा प्रश्न मात्र आधींच सुटण्यासारखा आहे. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत स्त्रीधनाचा अर्थ पुष्कळ व्यापक केला. १९८५ सालीं प्रतिभा राणी खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानेंही तें सर्वस्वीं पत्नीचें ठरविलें; सासरचीं माणसें केवळ विश्वस्त. त्याच वर्षींच्या नियमांप्रमाणें लग्नांतील भेटवस्तूंची लेखी यादी, देणाराचें नांव व अदमासें किंमत लिहून, वधूवरांनीं सह्या करून ठेवावयाची असते. आपल्याकडे याद्यांची चाल जुनीच. पण त्या मानपानाच्या व देण्याघेण्याच्या! रुखवत मांडण्यास आम्ही तीन दिवस घालवितों, या एका कागदास अर्धा तासही देत नाहीं. मग मध्यस्थापुढें विहीणबाई पाटल्या चार म्हणतात, सासूबाई दोन म्हणतात, आणि लग्नाच्या छायाचित्रांतून बांगड्या मोजण्यांत अख्खी बैठक जाते.