शिकवणाऱ्याजवळ पाचच मिनिटे असतील तर?

लातूर पॅटर्नचे नाव १९९०च्या दशकात राज्यभर झाले. लोकांना त्यातल्या सराव परीक्षाच तेवढ्या दिसल्या. पण नुसते पेपर सोडवून गुण वाढत नाहीत. तपासलेला पेपर मुलाच्या हाती येतो, कुठे चुकले ते कळते, मग पुढचा पेपर. खरे काम होते ते या मधल्या वेळेत. आज लातूर-नांदेडचे मोठे क्लासेस नीटसाठी हेच करतात. त्यांची फी हमाल, मिस्त्री, धुणीभांडी करणाऱ्यांच्या घरांना झेपत नाही. म्हणून आपली मुले विहारातल्या अभ्यासिकेत बसतात, आणि शिकवायला येतात ते दिवसभर नोकरी करून आलेले दादा-ताई.

आता हिशोब बघा (आम्ही कारकून, हिशोब सुटत नाही). तास एक, मुले बारा. वाट्याला पाच मिनिटे. त्यातली दोन "आई-बाप राबतात, अभ्यास कर" यात जातात. ते तर पोर घरी रोज ऐकते.

नीटचे १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला ४, चुकीला १ वजा. समजा, मुलीने १५० सोडवले, ९० बरोबर, ६० चूक. ३६० मधून ६० गेले, उरले ३००. साठ चुका पाच मिनिटांत समजावायला जाऊच नये. तिलाच घरून खुणा करून आणायला सांगावे. येतच नव्हते ते कोणते, येत असून घाईत चुकले ते कोणते आणि अंदाजाने ठोकले ते कोणते? आपण घाईतला एकच प्रश्न घ्यावा, समोर पुन्हा सोडवायला लावावा, चूक तिच्याच तोंडून येऊ द्यावी. असे घाईतले दहा सुधारले तरी ५० गुण वाढतात.

रविवारी अर्धा तास मिळाला, तर न येणारा धडा मुळापासून घ्यावा. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मात्र नवी चूक दाखवू नये. हॉल तिकीट ठेवले का, एवढेच विचारावे.

काही ठिकाणी चारचौघांत गुण वाचून दाखवतात. आम्हाला ते पटत नाही. घरातले पहिलेच शिकणारे पोर अशाने दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेकडे फिरकत नाही.

माय-माउलींनो, वाचता येत नसले तरी तुम्हीही हे करू शकता. भाकरी थापताना विचारा, "आज दादानं कोणती चूक दाखवली? मला सांग बरं समजावून." पोर सांगताना अडखळले, तर उद्या दादाला तेच पुन्हा विचारायला लावा.