रेल्वेच्या निविदा आणि लघुउद्योगांचा राखीव वाटा

रेल्वेच्या खरेदीत मागास घटकांतील उद्योजकांसाठी वाटा राखून ठेवलेला असतो म्हणजे त्यांचा माल चढ्या दराने घेतला जातो, असा समज बाळापूर, अकोल्याकडेही आढळतो. तो निराधार आहे. केंद्र सरकारच्या 2012 च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार रेल्वेसह केंद्रीय खात्यांनी वार्षिक खरेदीपैकी किमान 25 टक्के (2018 पूर्वी 20 टक्के) माल व सेवा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यावयाच्या असून, त्यातच 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहेत.

बाजारात एकीकडे सर्वांत कमी भाव ठरल्यावर गिऱ्हाइकाने शेजारच्या लहान विक्रेत्याला ‘याच भावात देता का?’ असे विचारावे, तशी ही पद्धत आहे. समजा, सतरंज्यांसाठी नावाजलेल्या बाळापुरातील एखाद्या लघुउद्योगाने चादरींसाठी 112 रुपये दर भरला आणि मोठ्या कारखान्याचा न्यूनतम देकार (सर्वांत कमी दर) 100 रुपये निघाला, तर फरक 15 टक्क्यांच्या आत असल्याने त्या उद्योगाला 100 रुपयांतच एकूण मागणीच्या चौथ्या हिश्शापर्यंत पुरवठा करण्याची संधी मिळते. म्हणजे सरकारी तिजोरीला जादा पैसा मोजावा लागत नाही. खरा आधार बयाणा रकमेतून (निविदेसोबत भरावयाची अनामत) मिळणाऱ्या सवलतीचा असतो, कारण लहान उद्योजकाचे खेळते भांडवल तिथेच अडकून पडते.

रेल्वेला माल पुरवू इच्छिणाऱ्या वऱ्हाडातील उद्योजकांनी आधी उद्यम नोंदणी (सूक्ष्म व लघु उद्योग म्हणून केंद्राकडे करायची नोंदणी) करून घ्यावी. ती विनाशुल्क होते.