जिंकणाऱ्याला ‘थांब’ म्हणायचं का?

टीम सांभाळण्याचा आजचा धडा फॉर्म्युला वनच्या ट्रॅकवरून घेऊ.

१२ मे २००२, ऑस्ट्रियन ग्रां प्री. सगळ्यात पुढे फेरारीचा रुबेन्स बारिचेलो, त्याच्यामागे त्याच टीमचा मायकेल शूमाकर. फिनिश लाइन समोर असताना बारिचेलोने टीमच्या आदेशावरून वेग कमी केला आणि शूमाकर ०.१८२ सेकंदांनी जिंकला. पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ६. टीमला ते जास्तीचे ४ गुण शूमाकरच्या खात्यात हवे होते.

प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. शूमाकरने बारिचेलोला पोडियमच्या वरच्या पायरीवर उभं केलं. पुढे १० लाख डॉलर दंड झाला, त्यातला निम्मा स्थगित. गंमत बघा, दंड रेस सोडल्याबद्दल नव्हता, पोडियमचे नियम मोडल्याबद्दल होता! रेस सोडणं तेव्हा नियमात बसत होतं. आणि सीझनअखेर शूमाकर १४४, बारिचेलो ७७. म्हणजे त्या ४ गुणांची गरजच नव्हती.

२००३ पासून असे आदेश बंद झाले. मग २०१० मध्ये जर्मनीत फेरारीने फेलिपे मासाला रेडिओवर फक्त एवढंच सांगितलं, की अलोन्सो तुझ्यापेक्षा वेगात आहे. मासा समजायचं ते समजला. फेरारीला १ लाख डॉलर दंड झाला आणि २०११ पासून बंदीच उठली.

आता याच्या उलट उदाहरण. १९५६, मोंझा. पीटर कॉलिन्सला स्वतःला चॅम्पियन व्हायची संधी होती, तरी त्याने आपली गाडी टीममधल्या फँजिओला देऊन टाकली. फँजिओ चॅम्पियन झाला. त्यागाबद्दल कॉलिन्सचं नाव आजही आदराने घेतात.

दोन्हीकडे एकाने दुसऱ्यासाठी माघार घेतली. फरक कुठे? एकाने मनाने दिलं, दुसऱ्याकडून काढून घेतलं.

तुम्ही म्हणाल, ‘सर, टीम मालकाची, पैसा मालकाचा, मग निर्णयही त्याचाच ना?’ निर्णय त्याचाच. पण शर्यत लावली की ती खरी ठेवायची जबाबदारीही त्याचीच. दुकानात तुम्ही महिन्याचं टार्गेट लावता, बक्षीस जाहीर करता. आणि २८ तारखेला पुढे असलेल्या पोराला सांगता, ‘तुझी दोन बिलं आपल्या भाच्याच्या नावावर टाक.’ पोरगा ‘हो’ म्हणेल, कारण पगार तुमच्या हातात आहे. पण पुढच्या महिन्यात तो गिऱ्हाईक बघून उठेल का?

म्हणून तीन गोष्टी पाळा:

१. कोणाला पुढे करायचंय ते महिना सुरू होण्याआधी, कारणासकट सांगा.
२. माघार घेणाऱ्याचा मोबदला त्याला पूर्ण द्या.
३. निकाल आधीच ठरला असेल, तर स्पर्धा लावूच नका.

तुमच्या टीममध्ये बारिचेलो कोण आहे? आज त्याच्याशी पाच मिनिटं बोला. काय म्हणाला, ते कमेंटमध्ये नक्की लिहा.