आवाजापेक्षा जरा हळू

१ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक जिंकलं. स्वप्नील राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. पण भोसला मिलिटरी स्कूलचा माजी विद्यार्थी म्हणून नाशिककरांनाही तो आपलाच वाटतो. त्याच्या पदकाबद्दल भरपूर लिहून आलं. तो ज्या प्रकारात खेळतो त्यातल्या गोळीबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. ही गोळी मुद्दाम हळू ठेवलेली असते.

रायफल म्हटलं की जितका वेग जास्त तितका नेम पक्का, असं आपण धरून चालतो. या खेळात पॉइंट टू-टू, म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाची, सुमारे २.६ ग्रॅमची शिशाची गोळी वापरतात. याच मापात सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास जाणारी काडतुसंही मिळतात. स्पर्धेतली काडतुसं मात्र ३२५ ते ३३० मीटरवर थांबवलेली असतात, आणि तीच महाग असतात.

कारण आहे आवाजाचा वेग. थंडीत निफाडला पारा ५ अंशांपर्यंत उतरला की हवेत आवाज सेकंदाला साधारण ३३४ मीटर जातो. एप्रिलच्या ४० अंशांत ३५५ मीटर. गोळी त्या वेगाच्या आसपास आली की हवेचा रोध एकदम वाढतो. ३८० ने निघालेली गोळी हा रोध सोसत वेग गमावते आणि ध्वनीच्या उंबरठ्यावर अडखळते. ३२७ ने निघालेली तो उंबरठा ओलांडतच नाही, अगदी निफाडच्या पहाटेही.

वाऱ्याचं गणित तर आणखी उलटं आहे. आडवा वारा गोळीला किती ढकलतो, हे ती हवेत एकूण किती वेळ होती यावर ठरत नाही. हवेच्या रोधामुळे तिला किती उशीर झाला, यावर ठरतं. वेगवान गोळीला हा उशीर जास्त होतो. म्हणून ती लक्ष्यावर आधी पोहोचते आणि तरीही वाऱ्याने जास्त सरकते. नव्या नेमबाजाला हे चटकन पटत नाही.

पण नुसतं हळू असून भागत नाही, प्रत्येक गोळी सारखीच हळू हवी. हिशेब करून पाहू. ३२७ मीटर वेगाने ५० मीटर जायला ०.१५३ सेकंद लागतात. हवेचा रोध सोडून दिला तर तेवढ्यात गोळी ११.५ सेंटिमीटर खाली येते. पुढची गोळी ३१७ ने निघाली तर ती आणखी ७ मिलिमीटर खाली लागेल. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, आणि अंतिम फेरीत गुण दशांशात मोजतात: केंद्रापासून दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो. नेमबाजाचा हात हललेला नसतो, श्वास चुकलेला नसतो, तरी १०.९ चे जेमतेम १० होतात.

वेग सारखा राहावा म्हणून परदेशात सेंटरफायर, म्हणजे पुंगळीच्या मध्यभागी पेट घेणाऱ्या काडतुसांचे, रायफलवाले स्वतः काडतुसं भरतात. चांगला भरणारा दारू वाढवत वेगाच्या मागे धावत नाही. दारू फार झाली की दाब धोक्याच्या पातळीकडे जातो आणि नळीचा काडतुसाकडचा भाग लवकर झिजतो. बार होताना नळी थरथरते. ज्या वेगाला त्या थरथरीतही गोळ्या एकाच जागी पडतात, तिथे तो थांबतो, मग तो वेग कमाल वेगापेक्षा कमी का असेना. ३०० मीटरला किंवा त्यापुढे मात्र जास्त वेगाला अर्थ आहे, कारण तिथे गोळी लक्ष्यापर्यंत आवाजाच्या पुढेच राहायला हवी. देवळालीच्या तोफखान्यात हाच विचार वेगळ्या मापात चालतो. डोंगराआड गोळा टाकायचा तर तोफेची दारू कमी करून वेग उतरवतात आणि तोंड वर करतात. पल्ला पुरत असेल तिथे कमी दारूने नळीही वाचते.

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. टू-टूच्या बाबतीत तो प्रश्नही येत नाही: पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं, फायरिंग पिनचा ठोका त्या कडेवर बसतो, आणि चेपलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. मग नेमबाजाच्या हातात उरतं काय? निवड. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या खोक्यांतही लॉट, म्हणजे एका वेळी बनवलेली खेप, बदलला की चाल बदलते. इंग्लंडची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ यांचे वेगवेगळे लॉट रायफल पकडीत आवळून झाडून बघतात. माणसाचा हात बाजूला काढला की उरतो तो नळी आणि काडतूस यांचा संबंध. दहा गोळ्यांचा गट मोजायचा, पुढचा लॉट लावायचा. एका नळीला मानवलेला लॉट शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या नळीत पसरट गट देतो. यंत्रावर मोजलेला वेग तोंडी लावण्यापुरता. निकाल कागदावरची भोकं देतात.

जुळलेला लॉट सापडला की परवान्याच्या मर्यादेत जमेल तितका उचलायचा, आणि तो सामन्यांसाठी राखून ठेवायचा. सराव दुसऱ्यावर.