मूठभर कापूस नेमकं काय सांगतो?

यवतमाळ, वणी, पांढरकवडा, कुठल्याही बाजारात कापसाची गाडी लागली की ग्रेडर मूठभर कापूस उपसतो, सरकीवरची रुई सोडवून चिमटीत ताणतो, ओलावा मोजतो. भाव त्या मुठीवर ठरतो. नमुना बोलतो तो कसा, हा भाषेच्या तत्त्वज्ञानातलाही प्रश्न आहे.

गैरसमज : नमुन्यात जे जे आहे, ते सगळं तो सांगतो.

नाही. मुठीला वजन असतं, आकार असतो. त्यांचा भावाशी संबंध नाही. अमेरिकी तत्त्वज्ञ नेल्सन गुडमन यांनी 1968 मध्ये शिंप्याकडच्या कापडाच्या तुकड्यावरून हे मांडलं. नमुन्याच्या अंगी गुण हवा आणि त्याने त्या गुणाकडे बोटही दाखवायला हवं. तुकडा रंग आणि वीण दाखवतो, स्वतःची लांबी-रुंदी नाही. 1978 च्या पुस्तकात त्यांनी एक गमतीचा किस्सा रचला आहे. बाई ‘हुबेहूब नमुन्यासारखं’ कापड मागवतात आणि दुकानदार नमुन्याएवढेच, कातरलेल्या कडांचे शेकडो तुकडे पाठवतो! कुठला गुण मोजायचा, ते व्यवहार ठरवतो. डागाळलेली कवडी (नीट न फुललेला कापूस) बाजारात हलक्या प्रतीचा नमुना; तीच कृषी सहायकाच्या हाती गुलाबी बोंडअळीच्या नुकसानीचा.

गैरसमज : वस्तू मुकी, निर्देश फक्त शब्द करतात.

‘लांब धाग्याचा’ हे शब्द कापसाला लागू होतात. नमुना उलट्या वाटेने जातो, कापसाकडून गुणाकडे. म्हणून आदिलाबादच्या तेलुगू व्यापाऱ्यालाही तो कळतो.

गैरसमज : मूठ ओली, म्हणजे गाडी ओली.

इथेच शेतकऱ्याचं नुकसान होतं. भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) हमीभाव खरेदीत ओलावा 8 टक्क्यांवर गेला की भाव कापला जातो आणि 12 च्या वर कापूस घेतलाच जात नाही. मीटरवरचे 13 त्या मुठीपुरते खरे असतात. अख्खी गाडी तशीच, हा आपण काढलेला अंदाज. नमुना गुण दाखवतो, ढिगाची हमी देत नाही. नमुन्यावरून झालेल्या विक्रीत माल नमुन्याशी जुळला पाहिजे, असं 1930 च्या मालविक्री कायद्याचं कलम 17 सांगतं. तेही ‘गुणवत्तेत’ एवढंच.

तेव्हा एकाच मुठीवर गाडी परत पाठवत असतील, तर वरून, मधून आणि तळातून पुन्हा नमुना काढायला सांगा.