परत आलेल्याला जागा

कड्याच्या चौकात अधूनमधून एक फलक लागतो. गावातला कुणी परदेशी शिकायला निघाला, की त्याचा हसरा फोटो, वरच्या कोपऱ्यात विमान आणि खाली शुभेच्छुकांचे ओळीने चेहरे. पुढारी फेटा बांधतात, शाळेत सत्कार होतो. हे योग्यच आहे. ज्या आष्टी तालुक्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास माणसे बिऱ्हाडासकट ऊसतोडीला निघतात, तिथले एखादे पोर पुस्तकांसाठी समुद्र ओलांडते, याचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र शिकून परत आलेल्याचा फलक मी आजवर पाहिलेला नाही. जाण्याचा समारंभ होतो, येण्याची चौकशी होते.

माझे आयुष्य बँकेच्या फायलींत गेले. शैक्षणिक कर्जाच्या फायलीत सगळे असते. फी किती, सहकर्जदार कोण, तारण काय, सात-बारावर बोजा चढला की नाही. अभ्यासक्रम संपल्यावर साधारण वर्षभराने हप्ता सुरू होतो. त्या वर्षाला आम्ही सवलतीचा काळ म्हणत असू. ज्या घरात मुलगा परत येऊन बसलेला आहे, त्या घरात हे वर्ष कसे जाते, याचा रकाना मात्र कोणत्याही फॉर्मवर नसतो.

परतीच्या या प्रवासाचा विचार करताना मला १९१७ साल आठवते. चार वर्षांपूर्वी, १९१३ मध्ये, सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले होते. तिथून १९१६ मध्ये ते लंडनला आले. एकीकडे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, दुसरीकडे बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन. अभ्यास ऐन भरात असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परतण्याचे बोलावणे आले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी तेवढी त्यांनी विद्यापीठाकडून मिळवली. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीत होती ती पाणतीराने बुडाली. २१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईत उतरले. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून सहाशे रुपये मिळाले आणि त्यातूनच बडोद्याला जाण्याची सोय झाली. जमाखर्चाच्या अनेक वह्या मी पाहिल्या. पुस्तके बुडाली म्हणून नोकरीवर रुजू होता आले, अशी नोंद दुसरीकडे पाहिली नाही.

करारानुसार त्यांना बडोदा संस्थानची दहा वर्षे नोकरी करायची होती. नोकरी होती, राहायला खोली नव्हती. एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव लावून, दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेली माणसे जिना चढून आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम झाला. शहरातल्या दोन मित्रांना त्यांनी विचारले. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. रात्रीच्या गाडीची वाट पाहत त्यांनी काही तास एका बागेत काढले आणि मुंबई गाठली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनात त्यांनी लिहिले आहे, की परदेशातल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती. देशात पाऊल ठेवल्यावर पहिला प्रश्न पडला तो जायचे कुठे, हाच.

पुढची हकिकत बँकवाल्याने नीट वाचावी अशी आहे. १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगारातून त्यांनी पै-पै बाजूला टाकली. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. त्यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले, १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले आणि ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. तारण नसलेले ते पाच हजार बुडीत गेले, असे कोण म्हणेल?

उलट उदाहरण आनंदीबाई जोशींचे. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात त्यांच्यासाठी नेमणूक तयार होती, पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने त्या गेल्या. त्यांच्याकडे जागा होती, आयुष्य उरले नव्हते. आज परतणाऱ्या आमच्या मुलांकडे अख्खे आयुष्य आहे.

आमच्या भागातला असाच एक मुलगा इंग्लंडहून परतला. जलव्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण, नंतर तिथे राहण्याची दोन वर्षांची मुभा. त्या काळात कायम नोकरी जमली नाही. नगरहून रेल्वेने तो कड्याला उतरला. आता रेल्वे आहे, त्यामुळे बॅगा सगळ्यांनी पाहिल्या. पारावर विचारणा सुरू झाली : काढून दिलं का? किती आणलं? आता लग्नाचं काय? वडिलांची चार एकर गहाण आहे, हे सगळ्यांना ठाऊक. एके दिवशी तो माझ्याकडे येऊन बसला आणि म्हणाला, “काका, मी काय शिकलो, हे अजून कुणी विचारलं नाही.”

मी विचारले. दोन तास तो विहिरींवर बोलत होता. म्हणाला, “आपल्याकडं बोअर किती फूट घेतलं, हे जो तो सांगतो. पाणी दरवर्षी किती खाली गेलं, हे शिवारात कुणीच लिहून ठेवत नाही. तेवढं पाच वर्षं लिहिलं, तरी कुठं बोअर घेऊ नये, हे कळेल.” वीस विहिरी त्याने निवडल्याही आहेत. दोरी, टेप आणि दोनशे पानी वही, एवढाच खर्च. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे या वहीची किंमत काय धरायची?

पण हप्ता मार्गशीर्षात सुरू होतो आहे. पुण्यातल्या एका कंपनीत, पाण्याशी काडीचा संबंध नसलेले काम त्याला मिळते आहे. तो जाईल. त्याला थांब म्हणण्याचा अधिकार मला नाही, कारण सही त्याच्या वडिलांनी केली आहे. मात्र ग्रामपंचायतीने त्याला एकदा ग्रामसभेत बोलावून ऐकावे, महाविद्यालयाने चार विद्यार्थी त्याच्या हाताखाली द्यावेत, म्हणजे तो पुण्याला गेल्यावरही वही चालू राहील, एवढे होण्यासारखे आहे. त्याचे कर्ज तो फेडेल, याविषयी मला शंका नाही. त्याने जे शिकून आणले ते ठेवून घ्यायला गावाने अजून खातेच उघडलेले नाही.